एका वेळी एक वचन: इंदूरच्या घरात, गल्लीत आणि बाजारात येशूचं ऐकायचं कसं

डोंगरावरील प्रवचन संपवताना येशू दोन घरांची गोष्ट सांगतो. एक खडकावर बांधलेलं, दुसरं वाळूवर. पाऊस दोन्हींवर पडतो, पूर दोन्हींना येतो. आणि दोन्ही घरमालकांनी येशूचं म्हणणं ऐकलेलं असतं, हे आपण वाचताना बहुधा विसरतो. एकानं ऐकल्याप्रमाणे केलं, दुसऱ्यानं ऐकून सोडून दिलं (मत्तय ७:२४–२७). दर रविवारी उपासनेला बसणारे आपण सगळे ऐकणाऱ्यांत आहोतच. म्हणून ही गोष्ट बाहेरच्यांसाठी नसून आपल्यासाठी आहे, असं मी मानते.

माझं सांगणं एवढंच आहे. येशूची सगळी शिकवण एकदम पाळायला निघालं की काहीच पाळलं जात नाही. एक वचन घ्यावं आणि त्याला एक माणूस, एक जागा, एक वेळ नेमून द्यावी. ‘सर्वांवर प्रेम करीन’ असं कोणावरही प्रेम न करता वर्षानुवर्षं म्हणता येतं. ‘खालच्या मजल्यावरच्या काकूंशी दिवाळीपासून बोलणं बंद आहे, शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाईन’ हे म्हटलं की शनिवार उजाडतो आणि जावं लागतं.

पहिली पायरी: वचन निवडणं

मत्तयाच्या शुभवर्तमानाचे ५, ६ आणि ७ हे तीन अध्याय घ्या. सगळी मिळून १११ वचनं आहेत. मोठ्यानं वाचली तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. एका बैठकीत वाचा, मोठ्यानं वाचा आणि मराठीत वाचा. इंदुरात आपल्या बहुतेकांची उपासना हिंदीत होते. हिंदी वचनं इतकी तोंडपाठ झालेली असतात की कानावरून निघून जातात. ज्या भाषेत आपण घरात भांडतो त्या भाषेत वचन वाचलं की ते लागतं.

हातात पेन्सिल असू द्या. जिथे जिथे ‘हे कर’ किंवा ‘हे करू नको’ अशी सरळ आज्ञा येते तिथे समासात खूण करा. रागाबद्दल आहे, नजरेबद्दल आहे, शपथांबद्दल, दानाबद्दल, दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळाबद्दल आहे. मग परत वर या आणि जे वचन वाचताना पान चटकन उलटावंसं वाटलं, ते निवडा. आवडतं वचन निवडू नका. आवडत्या वचनाशी आपला झगडा नसतो, त्यामुळे त्यातून काम फारसं होत नाही.

ते एक वचन दोन आठवडे सोबत ठेवायचं. पहिल्या आठवड्यात नवलाई चालवून नेते. वचनाशी खरी गाठ पडते ती दुसऱ्या आठवड्यात.

दुसरी पायरी: चिठ्ठी

एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा. कोणाशी, कुठे, केव्हा, आणि यात माझं काय जाणार आहे. चौथा प्रश्न लोक गाळतात, पण खरा तोच. आज्ञा पाळताना पैसे, वेळ, मान, नाहीतर शेवटचा शब्द आपला असावा ही सवय, यांतलं काहीतरी जातंच. काय जाणार हे आधी माहीत असलं की ऐनवेळी पाय मागे येत नाही.

एक उदाहरण नीट पाहू. वचन आहे मत्तय ५:३७: तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. घरी शिलाईकाम करणारी एखादी ताई हे वचन घेते. तिच्याकडे लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग असतो. गिऱ्हाईक विचारतं, “मंगळवारपर्यंत होईल ना?” आणि तोंडातून आपोआप निघतं, “हो, नक्की.” मंगळवारी अस्तर कापायचंही राहिलेलं असतं. आता तिच्या चिठ्ठीवर काय असेल? कोणाशी: ब्लाउज टाकायला येणाऱ्या प्रत्येकीशी. कुठे: मशीनशेजारी. केव्हा: तारीख विचारली त्या क्षणी. काय जाणार: दोन-चार गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील.

करायचं काय, तर तारीख तोंडानं सांगण्याआधी वही उघडायची. त्या आठवड्यात किती ब्लाउज द्यायचे आहेत, किती साड्यांचं पिको-फॉल बाकी आहे, हे मोजायचं आणि मग दिवस सांगायचा. मंगळवारी जमत नसेल तर “मंगळवारी नाही होणार, शुक्रवारी देते,” असं म्हणायचं. शुक्रवारीही अडलं तर गिऱ्हाइकाचा फोन येण्याची वाट न पाहता गुरुवारी आपण फोन करायचा. यात प्रवचन कुठेच नाही. आज्ञा पाळणं म्हणजे वही उघडणं. मी तर म्हणेन, तुमच्या वचनाला अशी एखादी वही सापडेपर्यंत चिठ्ठी पूर्ण झाली असं समजू नका.

तिसरी पायरी: सकाळची प्रार्थना

येशू म्हणतो, आपल्या खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पित्याची प्रार्थना कर. दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर कुठलं दार लावणार? मग तो स्वतः काय करत असे ते पाहा. पहाटे अंधारातच उठून तो एकांतात जाई (मार्क १:३५). गच्ची चालेल, दूध यायच्या आधीचं स्वयंपाकघर चालेल, दुकानाचं शटर उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंतची दहा मिनिटंही चालतील. जागा आणि वेळ रोज तीच ठेवा, म्हणजे घरच्यांनाही कळतं की आत्ता हाक मारायची नाही.

प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, एकेका मागणीवर थांबत. मग चिठ्ठी काढून वाचा आणि आजच्या दिवसात ती कुठे समोर येणार आहे ते देवाला सांगा. ‘आज अकरा वाजता बँकेत तो माणूस भेटणार आहे’ इतकं नेमकं.

या प्रार्थनेतली एकच मागणी अशी आहे की प्रार्थना संपताच येशू तिच्याकडे परत वळतो: क्षमेची (मत्तय ६:१४–१५). भाकरीबद्दल तो लगेच काही बोलत नाही, मोहाबद्दल बोलत नाही, पण तुम्ही इतरांना क्षमा केली नाही तर काय, हे मात्र स्पष्ट सांगतो. म्हणून पुढची पायरी या लेखात सगळ्यांत लांब आहे.

चौथी पायरी: बिघडलेलं नातं

मत्तय ५:२३–२४ पुन्हा वाचा. तू वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दुखावलेला समोरचा आहे, म्हणजे उठायचं आपण. हे ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमात. परत जाऊन यायचं म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. येशूला ते माहीत होतं, तरी त्यानं सवलत दिली नाही. आपल्याला अन्नपूर्णा रोडवरून राजवाड्यापर्यंत जायचं असतं.

जायच्या आधी कागदावर आपण काय केलं तेवढंच लिहा. लिहिताना ‘पण’ आला की तिथे थांबा आणि पणच्या पुढचं खोडा. पणच्या पुढे त्यांची चूक असते. तिचा हिशेब आज नाही.

एकटे जा. येशूनं मत्तय १८:१५ मध्ये उलट प्रसंग सांगितला आहे, म्हणजे भावानं आपला अपराध केला तर काय करायचं. तिथेही पहिली भेट दोघांतच. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागितलेली माफी ही माफी होत नाही, कारण वाचणारे वीस जण लगेच बाजू घेतात. वेळही पाहून जा. त्यांच्या घरी पाहुणे असतील, स्वयंपाकाची घाई असेल, गणपती बसलेले असतील, तेव्हा नको. सणाच्या दिवशी माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि अशा अडचणीत धरून मिळवलेली क्षमा टिकत नाही.

बोलायचं थोडं. “वहिनी, आईंच्या आजारपणात खर्चावरून मी तुम्हाला चारचौघांत बोलले. तसं बोलायला नको होतं. त्याची माफी मागायला आलेय.” एवढं म्हणून गप्प बसा. समोरून पाच मिनिटं ऐकून घ्यावं लागेल, ते ऐका. मध्येच “अहो पण तेव्हा तुम्ही…” सुरू झालं की आलेलं फुकट गेलं. पैशाचा विषय असेल तर पैसे सोबत न्या. जक्कयानं येशूला घरात बसवून नुसतं वाईट वाटल्याचं सांगितलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट, असा आकडा सांगितला (लूक १९:८).

दार उघडलं नाही तर? परत या. पौल रोमकरांस पत्रात लिहितो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीनं राहा (१२:१८). आपल्याकडचं झालं. घरी येऊन “मी गेले होते, त्यांनीच तोंड फिरवलं” हे कोणालाही सांगू नका. ते सांगितलं की आपण पुन्हा वेदीपाशी अर्पण घेऊन उभे, आणि यावेळी लोकांना दाखवायला.

आता उलट बाजू: दुखावलेले आपण आहोत आणि क्षमा आपण करायची आहे. इथे आपल्या भागात घडलेली एक गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती घरात मुलांना सांगायला हवी. सिस्टर राणी मरिया या केरळातून आलेल्या धर्मभगिनी देवास जिल्ह्यातल्या उदयनगर परिसरात भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत. सावकारांच्या कर्जातून लोक सुटू लागले, ते काहींना खपलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारण्यात आलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मरियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात त्याला भेटायला गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. त्याची सुटका व्हावी म्हणून कुटुंबानं स्वतः प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मरियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

या गोष्टीतली वर्षं पाहा. १९९५ आणि २००२. मध्ये सात वर्षं आहेत. क्षमा एका रविवारी ठरवून त्याच रविवारी पूर्ण होत नाही. ‘मी त्याचं वाईट चिंतणार नाही’ इथून सुरुवात करा. मग प्रार्थनेत त्याचं नाव घ्या, आधी दात-ओठ खाऊन का होईना. राखीपर्यंत कधी पोचाल ते देव पाहील.

आणि एक गोष्ट ठासून सांगते, कारण या वचनांचा गैरवापर घराघरांत होतो. ‘दुसरा गाल पुढे कर’ हे वचन मार खाणाऱ्या बाईला ऐकवायचं नसतं. महायाजकासमोर शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा येशूनं विचारलं, “मला का मारतोस?” (योहान १८:२३). एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असंही त्यानंच शिष्यांना सांगितलं (मत्तय १०:२३). घरात मारहाण होत असेल तर आधी तिथून निघायचं. महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला ११२ आहे. क्षमा सुरक्षित जागी बसूनही करता येते. आणि क्षमा केली म्हणजे पुन्हा त्याच छपराखाली राहायला जायलाच हवं, असं शास्त्र कुठे म्हणत नाही. तुमच्या ओळखीतली एखादी ताई असं काही सांगत असेल तर तिला वचन ऐकवण्याआधी रिक्षा बोलवा.

पाचवी पायरी: पैसा आणि मजुरी

दानाबद्दल आपण खूप बोलतो, मजुरीबद्दल कमी. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत देण्याची आज्ञा आहे (अनुवाद २४:१५), आणि तिचं कारणही दिलं आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. म्हणून येशूच्या शिकवणीनं पैसे वापरायचे असतील तर दानपेटीकडे जाण्याआधी घरकामाच्या मावशींकडे पाहा. त्यांचा पगार एक तारखेला जातो का, की “पुढच्या आठवड्यात घ्या” असं होतं? आपण पंधरा दिवस पुण्याला भाच्याच्या लग्नाला गेलो तर ते दिवस कापतो का? सुट्टी आपण घेतली, त्यांनी नाही. हिशेब इथून नीट करा.

दानाची सोपी रीत अशी. पगार किंवा गल्ल्यातली महिन्याची कमाई हातात आली की खर्चाला हात लावण्याआधी ठरलेला वाटा पाकिटात घाला किंवा वेगळ्या खात्यात टाका. उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. द्यायचं ते गुप्तपणे, डाव्या हाताला उजव्याचं कळू न देता (मत्तय ६:३). शाळेची फी थेट शाळेत भरा, औषधाचं बिल थेट मेडिकलवर चुकतं करा. घेणाऱ्याला तुमच्यापुढे मान खाली घालायची वेळ येता कामा नये. मदतीसोबत अट नको, पत्रक नको, “रविवारी चर्चला या” हेही नको. भुकेल्यांना भाकर वाटल्यावर येशूनं कोणाचं नाव लिहून घेतलं नाही.

इथे एक शंका येते. तोच म्हणतो तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या (५:१६), आणि तोच म्हणतो लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका (६:१). मला यातून दिसणारी कसोटी अशी: काम पाहून लोक कोणाचं नाव घेतात? पित्याचं घेत असतील तर दिसू द्या. आपलं घेऊ लागले की पुढच्या वेळी दार लावून करा.

सहावी पायरी: गल्ली

२०१७ पासून सलग सात वेळा इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं. त्याचा अभिमान आपण सगळे बाळगतो. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की आपण डबे घेऊन खाली उतरतो. लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच तुम्ही त्यांच्याशी वागा, हे वचन (मत्तय ७:१२) त्या डब्याजवळ करून पाहता येतं. फुटलेला ग्लास तसाच कोरड्या कचऱ्यात टाकू नका. चार पदरी वर्तमानपत्रात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा आणि हातात देताना सांगा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. पलीकडे कुणाचा तरी हात आहे. मे महिन्यात गाडीवरच्या दादांना गार पाणी विचारा आणि त्यांचं नाव विचारून लक्षात ठेवा.

जेवणाचंही तसंच. लूक १४:१२–१४ मध्ये येशू म्हणतो, मेजवानीला परतफेड करू शकणाऱ्यांना बोलावू नका. सुरुवात मोठी नको. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आपल्या घरी होतातच. वर शेव आणि जीरावन घालून एक बशी जास्त करा आणि शिकायला आलेल्या एखाद्या एकट्या मुलाला किंवा मुलगा परदेशी असलेल्या आजोबांना टेबलावर बसवून वाढा. डबा पोचवणं चांगलं, सोबत बसणं त्याहून बरं. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी मुलींना आपल्या घरी आणलं होतं. आपल्याकडून निदान एक खुर्ची सरकवली जावी.

सातवी पायरी: रस्त्यातला माणूस

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक १०:३०–३७) कृतींची यादी म्हणून वाचा. त्यानं पाहिलं, कळवळा आला, जवळ गेला, तेल व द्राक्षारस घालून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि निघाला. हो, निघाला. त्याचं काम होतं. जाताना मात्र उतारशाळेच्या मालकाला म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. याचा मला फार आधार वाटतो. सगळं आयुष्य सोडून द्यायला त्याला सांगितलेलं नाही. जबाबदारी नीट सोपवायची आणि परत यायचं, एवढं सांगितलं आहे.

बायपासवर अपघात दिसला तर गाडी सुरक्षित बाजूला लावा, १०८ ला फोन करा, जागा नेमकी सांगा, मान किंवा पाठ दुखावलेली वाटली तर उगाच हलवू नका, वाहणारं रक्त स्वच्छ कापडानं दाबून धरा. पोलिसांच्या फेऱ्यात अडकू ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४-अ अशा मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. दोन दिवसांनी एमवाय या सरकारी हॉस्पिटलात चौकशी करून या. तिथे बाहेर झाबुआ, धार, निमाडकडून आलेले नातेवाईक ओट्यावर रात्र काढत असतात. कोणती खिडकी, कोणता फॉर्म, हे वाचून सांगणारं माणूसही त्यांना हवं असतं.

आठवी पायरी: रात्र, आणि सोबती

झोपण्याआधी दहा मिनिटं. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली, तिचा सांगाडा आजही चालतो: आज काय मिळालं त्याबद्दल आभार, आज दिवसात वचन कुठे समोर आलं, मी काय केलं, क्षमा मागणं, उद्याचा एक प्रसंग. उद्याच्या चिंतेबद्दल येशूनं मत्तय ६:३४ मध्ये सांगितलंच आहे, म्हणून उद्याचा प्रसंग एकच घ्या. वही ठेवलीत तर दोन ओळींहून जास्त लिहू नका, नाहीतर लिहिण्यातच समाधान होतं.

हे एकट्यानं फार दिवस चालत नाही. येशूनं शिष्यांना दोघे दोघे करून पाठवलं (मार्क ६:७). मंडळीतली एखादी ताई किंवा दादा निवडा, शक्यतो नात्यातले नकोत. रविवारी उपासनेनंतर बाहेर चहा घेताना एकमेकांना एकच विचारायचं: “या आठवड्यात चिठ्ठीचं काय झालं?” सल्ला द्यायचा नाही. जमलं नाही असं उत्तर आलं तर तिथेच उभ्या उभ्या एक छोटी प्रार्थना करायची. ऐकलेलं घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही. दोन आठवडे झाले की पुढचं वचन निवडायचं, आणि या वेळी तुमचं वचन तुमच्या सोबत्याला निवडू द्या. आपल्याला न दिसणारं त्याला दिसत असतं.